छातीवर बसलेला माणूस कसा कलंडतो

‘आधी जिममध्ये ताकद कमावतो, मग ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकायला येतो.’ जमिनीवर धरपकड करून लढायची ही कला; तिच्या आमच्या दादरच्या वर्गात चौकशीला येणारे बरेच जण असंच म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. १९९३ साली डेन्व्हरमध्ये यूएफसी ही वेगवेगळ्या लढाऊ कलांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा याच कलेच्या, सुमारे ८० किलोंच्या रॉयस ग्रेसीने एकाच रात्री तीन लढती जिंकल्या. नवशिक्याने दंडाआधी गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानतात तो बिंदू, ओळखावा.

लोकलमध्ये दांडी हाताला लागली नाही की आपण पाय फाकवतो, गुडघे सैल सोडतो. जमिनीला टेकलेल्या बिंदूंनी वेढलेली जागा म्हणजे आधारक्षेत्र. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा या जागेत आहे तोवर माणूस पडत नाही.

आता कोणी तुमच्या छातीवर मांड ठोकून बसलाय. नवशिका त्याला दोन्ही हातांनी वर रेटतो, आणि ताठ झालेला हात वरच्याला आयताच आर्मबारसाठी, म्हणजे कोपर उलटं ताणायच्या डावासाठी, मिळतो. त्याला उचलायचं नसतंच, कलंडवायचं असतं. कमरेचा एक धक्का दिला की तो पुढे झुकतो आणि तोल सावरायला हात टेकतो. तो हात दोन्ही हातांनी कवटाळा, त्याच बाजूचं त्याचं पाऊल आपल्या पावलाने अडकवा. समजा, तो ८० किलोंचा आहे आणि टेकलेला हात ओळंब्यापासून ५० सेंटिमीटरवर होता. कलंडण्याला विरोध करणारा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर (वजन × अंतर), ८० × ९.८ × ०.५, म्हणजे ३९२ न्यूटन-मीटर. हात काढून घेतला की आधारक्षेत्राची कड त्याच्या गुडघ्यापाशी येते: २० सेंटिमीटर, १५७ न्यूटन-मीटर. कंबर उचलत त्याच बाजूच्या खांद्यावरून तिरकं वळलात की ओळंबा कडेकडे सरकतो. अंतर ५ सेंटिमीटर उरलं तर टॉर्क जेमतेम ३९! शिवाय जोर लावतो तो आपल्या नितंबाचा स्नायू, शरीरातला सर्वांत मोठा. त्याचा दुसरा हात मोकळाच असतो, पण भलत्या बाजूला. मला हे अजूनही दर वेळी सुंदर वाटतं.

व्हॉट्सॲपवर ‘गुप्त नस दाबा, माणूस गार’ असे व्हिडिओ फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. मागून गळ्याभोवती हात आवळला की मानेच्या दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्या दाबल्या जातात, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि साधारण १० सेकंदांत शुद्ध हरपते. यात गूढ काही नाही, धोका मात्र खरा आहे. श्वास चालू असतो, फारसं दुखतही नाही, म्हणून नवशिके थांबून राहतात. दुखण्याची वाट पाहू नका. पकड बसली की लगेच टॅप करा, म्हणजे हार मानल्याची थाप द्या: दोन-तीनदा, समोरच्याच्या अंगावर, त्याला जाणवेल अशी.