कॅन्सरचा रिपोर्ट आला, आता सरकारी मदतीसाठी पुण्यात आधी कुठे जायचं

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की घरात पहिली गोष्ट पैशाची निघते, आणि बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, म्हणजे आधी ॲडमिट होतात, डिपॉझिट भरतात, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या बेडवरचं कोणीतरी सांगतं की अहो याला योजना आहे की. मावशीच्या वेळी आमचं अगदी तेच झालं. भरलेले पैसे परत मागायला गेलो तर काउंटरवरून सरळ उत्तर आलं, आता काय उपयोग, आधी सांगायचं होतं.

म्हणून पहिलं काम आरोग्यमित्र गाठायचं, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना ज्या हॉस्पिटलमध्ये लागू आहे तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, ससूनमध्येही आहे. कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री नंबरवर विचारा, पण नुसतं "योजना आहे का" असं विचारू नका, आपल्याला जे लागणार आहे, ऑपरेशन, केमो की रेडिएशन, ते त्या हॉस्पिटलात योजनेतून होतं का ते विचारा. सगळीकडे सगळं होत नाही, ऑपरेशन एकीकडे आणि शेक (रेडिएशन) दुसरीकडे असंही होतं.

"आमचं पांढरं कार्ड आहे, आम्हाला कुठलं मिळतंय" हे पुण्यात निम्म्या घरांत ऐकायला मिळेल. ते जुनं झालं. आधी पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना दीड लाखापर्यंत मिळायचं, १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासकट सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. हे ५ लाख अख्ख्या कुटुंबाचे मिळून आहेत बरं का, प्रत्येकाचे वेगळे नाहीत. घरात ७० च्या पुढचं कोणी आजारी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या, त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवर वय दिसलं की झालं.

कागद तसे थोडेच लागतात. रेशनकार्ड, आधार, बायोप्सी आणि स्कॅनचे रिपोर्ट, डॉक्टरांनी लिहून दिलेला उपचाराचा प्लॅन. गाडी अडते ती नावात. रेशनकार्डवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, किंवा पेशंटचं नाव कार्डावर चढवलेलंच नाही, असं असेल तर घरातल्या एकाने लगेच रेशनचं परिमंडळ कार्यालय गाठायचं आणि दुसऱ्याने हॉस्पिटल सांभाळायचं. मग हॉस्पिटल ऑनलाइन मंजुरी मागतं, तिला सगळे प्रीऑथ म्हणतात. केमो असेल तर एकदा मंजुरी आली म्हणून निवांत राहू नका, पुढच्या सायकलला परत लागते, त्यामुळे तारखेच्या दोन-चार दिवस आधीच आरोग्यमित्राला आठवण करून द्या. ॲडमिट असताना औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण आणि घरी जायचं एसटीचं भाडं हे सगळं पॅकेजमध्ये धरलेलं असतं, तेव्हा कोणी बाहेरून औषधं आणायला चिठ्ठी दिली तर आधी आरोग्यमित्राला दाखवा. ओपीडीचा खर्च मात्र यात बसत नाही.

योजनेत बसलं नाही तर पुढचा रस्ता धर्मादाय हॉस्पिटलचा. पुण्यातली बरीच मोठी नावाजलेली हॉस्पिटलं ट्रस्टची आहेत, आणि त्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटला मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात, मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये ठरवून दिलेल्या स्कीमप्रमाणे. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तिथे बिलिंगवाल्यांशी वाद घालण्यात काही हशील नाही, सोशल वर्करला भेटा आणि अर्ज लेखी द्या.

मुख्यमंत्री सहायता निधीलाही कॅन्सर चालतो, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार. (दोन ठिकाणी दोन आकडे का, ते सरकारलाच माहीत.) अर्ज, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णाचं आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि हॉस्पिटलचं खर्चाचं इस्टिमेट लागतं, खासगी हॉस्पिटल असेल तर इस्टिमेटवर सिव्हिल सर्जनची सही-शिक्का. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात, बिल भरून झाल्यावर मागितले तर मिळत नाहीत. हेल्पलाइन १८०० १२३ २२११.

पुणे महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर शहरी गरीब योजनाही आहे, एरवी १ लाखापर्यंत, कॅन्सर, किडनी आणि हृदयाच्या आजाराला २ लाखांपर्यंत.

आता नीट बघा, उत्पन्नाचा दाखला जवळजवळ सगळीकडे मागतात, आणि तो निघायला नियमाप्रमाणेच १५ दिवस लागू शकतात. म्हणून रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूतून अर्ज टाका, नंतर लागेल तेव्हा काढू म्हणून थांबू नका. पुणे शहरवाल्यांचं तहसील कार्यालय खडकमाळ आळीत आहे.

मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं ठरलं तर इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळे रिपोर्ट आणि बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) पण लॅबमधून मागून घ्या, नुसता कागद पुरत नाही, ते लोक स्लाइड स्वतः परत बघतात. नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट विचारतात, खर्चात मोठा फरक पडतो, योजनेतून करायचं असेल तर तिथल्या तिथे सांगा. पुणे-मुंबई हेलपाट्यांना रेल्वेची सवलत आहे, पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. त्याचा ठरलेला फॉर्म हॉस्पिटलकडून सही-शिक्क्यासह घ्यायचा आणि रिझर्व्हेशनच्या खिडकीवर न्यायचा.