मोग खरा कोणता, डब्ब्यातला की लॅपटॉपातला?

धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं सुरू होतात, आणि त्याआधी वडशात तालमी. यंदा कंपनीत आलेला नवा पोट्टा लॅपटॉप आणि दोन सप्तकांचा छोटा कीबोर्ड घेऊन बसला. स्क्रीनवर लाकडी कडांचा, गोल बटणांनी भरलेला डब्बा दिसत होता. तबलजी बराच वेळ पाहत राहिला, मग मला म्हणाला, ‘‘भाऊ, हे खरं वाजते, का फोटो वाजते?’’

फोटो वाजत नाही. खरंही वाजत नाही. वाजतो तो हिशेब.

स्क्रीनवरचा डब्बा म्हणजे मिनीमोग, 1970 साली आलेला सिंथेसायझर, विजेतून सूर घडवणारं वाद्य. बनवणाऱ्याचं नाव रॉबर्ट मोग. (मूग म्हणू नका, ते वरणात.) मूळ यंत्रात तीन ऑसिलेटर आहेत. प्रत्येकात विजेचा दाब ठरलेल्या वेगाने वरखाली होतो, फिल्टर त्यातला तिखटपणा तासतो, आणि तोच दाब शेवटी स्पीकरचा कागद हलवतो. पट्टी दाबली की एका सप्तकाला एक व्होल्ट या दराने ऑसिलेटरला हुकूम जातो. आकडा कुठेच नाही.

लॅपटॉपात यातलं काहीच नाही. तिथे सेकंदाला 44,100 वेळा ‘या क्षणी त्या सर्किटातला दाब किती असता’ हे गणित होतं आणि उत्तरं ओळीने स्पीकरकडे जातात.

इथवर सोपं आहे. घोळ होतो तो पुढे, कारण आपल्याकडे डब्बा दिसला की लोक त्याला ॲनालॉग, म्हणजे थेट विजेच्या दाबावर वाजणारा, म्हणतात. यामाहाचा डीएक्स-7, 1983 चा, चांगला जड डब्बा, पण आत सगळं डिजिटल, म्हणजे आकड्यांचा हिशेब. 1995 च्या नॉर्ड लीडला ॲनालॉगसारखी बटणं, आत मात्र त्या पोट्ट्याच्या लॅपटॉपासारखाच हिशेब. उलट रोलँडच्या जुनो-106 मध्ये सुराचा वेग डिजिटल घड्याळ ठरवतं, तरी फिल्टर अस्सल ॲनालॉग. आणि रंगमंचापुढचा आमचा कीबोर्ड, ज्याला गावात अजून ऑर्गनच म्हणतात, तो तर तिसरीच जात: आत भरून ठेवलेले रेकॉर्ड केलेले आवाज. तबलजीचा ‘फोटो’ हा शब्द लागू पडतो तो त्याला.

खरा फरक मला एका डिसेंबरच्या रात्री कळला. मुंबईहून सेकंडहँड आणलेला एक ॲनालॉग डब्बा मी हौसेने नाटकाला नेला. दहाला सूर लावला. तिसऱ्या अंकापर्यंत मंडपावर दव उतरलं, आणि वरच्या सप्तकात मी आणि गाणारी बाई दोन वेगळ्या गावी होतो. तिने विंगेतून माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.

कारण ट्रान्झिस्टरमध्ये आहे. व्होल्टचं सप्तकात रूपांतर करणारा ट्रान्झिस्टर तापमानाला बांधलेला असतो: साधारण तीन अंशांमागे एक टक्का फरक. पंधरा अंश गारठा वाढला तर पाच टक्के, म्हणजे बारा पट्ट्यांचं सप्तक ताणून साडेबाराच्याही पुढे जातं. यावर तोड म्हणून सर्किटात उष्णतेनुसार बदलणारा रेझिस्टर घालतात. 1978 च्या प्रोफेट-5 या सिंथेसायझरमध्ये तर सूर लावायला मायक्रोप्रोसेसरच बसवला होता. माझ्या डब्ब्यातली तोड बहुधा म्हातारी झाली होती. तबला दवाने उतरला की तबलजी हातोडी काढतो, माझ्याकडे हातोडीही नव्हती. मे महिन्यात चंद्रपूरच्या 45 अंशांत तो डब्बा काय करेल, हे बघायचं धाडस मी केलेलं नाही.

लॅपटॉप असा उतरत नाही, पण त्याचीही खोड आहे. 44,100 च्या निम्म्याहून, म्हणजे 22,050 हर्ट्झहून (सेकंदाला तितक्या कंपनांहून) वरचा आवाज त्या हिशेबात बसत नाही, आणि न बसलेला आवाज गुपचूप निघून जात नाही, उलटून खाली येतो. 3,000 हर्ट्झची करवती लहर घ्या, करवतीच्या दातांसारख्या आकाराची. तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे वरचे सूरही असतात, त्यांना हार्मोनिक म्हणतात. तिचा पंधरावा हार्मोनिक 45,000 चा, तो येतो 900 वर: मूळ सुराच्याही खाली, कुठल्याच नात्यात न बसणारा. स्वस्तात लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या पट्ट्यांवर मागे काहीतरी कुरकुरतं ते हेच. चांगली सॉफ्टवेअर हिशेब कित्येक पट वेगाने करून हे टाळतात.

दुसरी अडचण फिल्टरची. मोगच्या फिल्टरचं शेवटचं टोक पुन्हा सुरुवातीला जोडलेलं असतं, आणि विजेत ते सगळं एकाच वेळी घडतं. हिशेबात ‘आधी’ आणि ‘नंतर’ असतंच. म्हणून जुन्या नकलांमध्ये फिल्टर स्वतःच शिटीसारखा वाजू लागला की त्याचा सूर घसरायचा. आता प्रत्येक नमुन्याला, म्हणजे सेकंदातल्या त्या 44,100 पैकी प्रत्येक उत्तराला, समीकरण सोडवतात. लॅपटॉपचा पंखा मग गिरणीसारखा लागतो.

माझं मत विचाराल तर नाटकाला लॅपटॉप. लाइन गेली तरी बॅटरीवर चालतो, आणि प्रवेश बदलला की आवाज एका क्लिकवर बदलतो. मूळ मिनीमोगला मेमरीच नाही, बटणांच्या जागा कागदावर लिहून ठेवाव्या लागतात. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येईल ही भीती लोक उगाच घालतात: 256 नमुन्यांच्या बफरला, म्हणजे एकदम पाठवायच्या उत्तरांच्या तुकडीला, सहा मिलिसेकंद लागतात, तेवढाच वेळ दोन मीटरवरच्या तबल्याचा आवाज माझ्या कानी यायला लागतो. घरी दार लावून एकच सूर धरून बटण फिरवायचं असेल, तेव्हा मात्र मी तो उतरणारा डब्बाच काढतो. मंडपातल्या भोंग्यावर हा फरक कुणाला कळणार नाही, मलाही नाही.

परवा तालमीत पोट्ट्याने स्क्रीनवरचं ‘ड्रिफ्ट’ नावाचं बटण दाखवलं. ते वाढवलं की सॉफ्टवेअर जुन्या डब्ब्यासारखा सूर जरा जरा हलवतं. तबलजी हातोडी हातात धरून ऐकत होता.

‘‘म्हणजे बेसूर व्हायचं बटण? काहून ठेवलं बा हे?’’