चार ठिपके दिसले, तरी मजकूर का नाही?

फेज शिफ्ट कीइंगमध्ये माहिती असते लहरीच्या फेजमध्ये, म्हणजे ती आपल्या चक्रात नेमकी कुठे आहे यात. क्यूपीएसके या प्रकारात 45, 135, 225 आणि 315 अंश अशा चार जागा असतात आणि प्रत्येक जागा दोन बिट सांगते. आलेखावर या जागा चार ठिपक्यांसारख्या दिसतात आणि दर वेळी पाठवलेली एक जागा म्हणजे एक सिम्बॉल. पाठवणं सोपं आहे. घाम निघतो तो रिसीव्हर बांधताना, कारण पाठवणाऱ्याचं घड्याळ त्याला ठाऊक नसतं आणि शून्य अंश कुठून मोजायचा हेही नसतं.

म्हणून सुरुवात अँटेनाशिवाय, नुसत्या संगणकावर ग्नू रेडिओत, म्हणजे ब्लॉक जोडून रेडिओ बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, करावी. सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) 32,000 आणि प्रत्येक सिम्बॉलला 4 सॅम्पल घेतले, की सेकंदाला 8,000 सिम्बॉल होतात. सिम्बॉलना गुळगुळीत आकार देणाऱ्या रूट रेज्ड कोसाइन फिल्टरचा रोल-ऑफ (कडेचा उतार) 0.35 ठेवला तर सिग्नल 10.8 किलोहर्ट्झ जागा व्यापतो. हार्डवेअर जोडलेलं नसेल तर वेग रोखणारा थ्रॉटल ब्लॉक विसरू नका, नाहीतर प्रोसेसर पूर्ण ताकदीने धावत सुटतो.

रिसीव्हरमध्ये आधी सिम्बॉलची वेळ पकडायची, मग कोस्टास लूपने, म्हणजे चूक मोजून स्वतःला सुधारत राहणाऱ्या ब्लॉकने, फेज. वेळेच्या आणि फेजच्या दोन्ही लूपची बँडविड्थ (सुधारणा किती झटपट होते ते) सुरुवातीला 0.0628 चालते. वेळ पकडणाऱ्या सिम्बॉल सिंक ब्लॉकला पॉलिफेज फिल्टर बँक (थोड्या-थोड्या वेळेने सरकलेल्या फिल्टरांचा संच) दिली असेल, तर पाठवणाऱ्याच्या फिल्टरशी जुळणारा फिल्टर त्यातच येतो. त्याच्या आधी आणखी एक रूट रेज्ड कोसाइन लावला, की सिम्बॉल एकमेकांत मिसळतात आणि ठिपके पसरतात. ही चूक फार जण करतात.

आता हवेतल्या बिघाडांची नक्कल करणाऱ्या चॅनल मॉडेल ब्लॉकमध्ये फ्रीक्वेन्सी ऑफसेट (पाठवणारा आणि रिसीव्हर यांच्या फ्रीक्वेन्सीतला फरक) 0.01 द्या. हा आकडा सॅम्पल रेटच्या पटीत असतो, म्हणजे 320 हर्ट्झ. दर सिम्बॉलला 14.4 अंशांची गिरकी. कोस्टासच्या आधी पडद्यावर कडं दिसेल, नंतर चार ठिपके. ऑफसेट वाढवत नेला, की खरी गंमत सुरू होते. दर सिम्बॉलला 45 अंशांपेक्षा, म्हणजे इथे 1,000 हर्ट्झपेक्षा, जास्त गिरकी असेल तर पुढची जागा जवळची की मागची, हे लूपला कळत नाही. 2,000 हर्ट्झला तर गिरकी बरोबर 90 अंशांची होते: ठिपके सुरेख, जागच्या जागी आणि मजकूर कचरा. यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच बँड-एज एफएलएल (फ्रीक्वेन्सी-लॉक्ड लूप) ब्लॉक लावून ढोबळ फ्रीक्वेन्सी जुळवणं.

ऑफसेट शून्य असला तरी लूप चारांपैकी कुठल्याही दिशेला स्थिरावू शकतो. त्यासाठी डिफरन्शिअल एन्कोडिंग: अर्थ फेजमध्ये नाही, फेजमधल्या फरकात. मॉड्युलेटरमध्ये ते सुरू केलं आणि रिसीव्हरमध्ये चार जागांसाठीचा, म्हणजे मोड्युलस 4 चा, डिफरन्शिअल डीकोडर राहून गेला, तर पुन्हा कचराच.

हवेतल्या पहिल्या सिग्नलसाठी रशियाच्या मिटिओर हवामान उपग्रहांकडे धावू नये. एम2-3 आणि एम2-4 ऑफसेट क्यूपीएसके वापरतात, त्यात दोन बिट एकदम न बदलता अर्ध्या सिम्बॉलच्या अंतराने बदलतात, म्हणून वरची साखळी जशीच्या तशी चालत नाही. एफएम स्टेशन आवाजासोबत आपलं नाव वगैरे मजकूर ज्यातून पाठवतं तो आरडीएस सिग्नल बरा. तो दोन फेजचा आहे आणि स्टीरिओसाठीच्या 19 किलोहर्ट्झच्या पायलट सुराची तिप्पट म्हणजे 57 किलोहर्ट्झ हा त्याचा वाहक (कॅरिअर), तर 57,000 ला 48 ने भागलं की 1187.5 बिट प्रति सेकंद हा वेग. वाहक आणि घड्याळ दोन्ही पायलटकडून आयते मिळतात.

आरटीएल-एसडीआर या स्वस्त यूएसबी रिसीव्हर डोंगलवर सेकंदाला 2.4 दशलक्ष सॅम्पल घेऊन ते 240,000 वर आणा आणि एफएममधून मूळ सिग्नल काढणारा क्वाड्रेचर डीमॉड ब्लॉक लावा. तयार एफएम रिसीव्हर ब्लॉक इथे नको; तो ऑडिओपुरतं ठेवून 57 किलोहर्ट्झचा भाग कापून टाकतो. वर्णपटात तिथे उंचवटा दिसत नसेल तर दुसरं स्टेशन शोधा. सगळीच आरडीएस पाठवत नाहीत. प्रत्येक बिट दोन उलट अर्ध्यांत येतो. जोडी चुकीच्या अर्ध्यापासून धरली तर 26 बिटांच्या ब्लॉकमधले तपासणीचे 10 बिट जुळणारच नाहीत. एक अर्धा सोडून पुन्हा मोजा. ते जुळले, की स्टेशनचं आठ अक्षरी नाव एका वेळी दोन अक्षरं असं उमटू लागतं.