बेने इस्रायल : स्थलांतर आणि ओळख

बेने इस्रायल हा कोकणपट्टीत शतकानुशतके राहिलेला, मराठी मातृभाषा असलेला ज्यू समाज. 'बेने इस्रायल' या हिब्रू शब्दांचा अर्थ 'इस्रायलची मुले' असा होतो. भारताच्या स्वातंत्र्याच्या सुमारास या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली आणि डिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत स्थिरावली. इस्रायलमधील भारतीय वंशाच्या ज्यूंमध्ये हा सर्वांत मोठा गट आहे. कोचीचे ज्यू आणि बगदादी ज्यू हे भारतातील इतर दोन प्रमुख ज्यू समाज. त्यांचा उल्लेख येथे ओघाने येईल तेवढाच. देश बदलल्यावर 'आपण कोण' या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले, हा या नोंदीचा विषय आहे.

कोकणातील घडण

समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. हे केव्हा घडले याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या.

किनाऱ्यावरच्या गावांत हे लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. या एका नावात बरेच काही आहे. 'तेली' या शब्दाने गावाने त्यांना गावगाड्यात जागा दिली आणि 'शनिवार' या शब्दाने त्यांचे वेगळेपण मान्य केले. धर्मग्रंथ आणि हिब्रू भाषा मागे पडल्यावरही शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. पुढे दाविद रहाबी नावाच्या ज्यू गृहस्थांनी त्यांना ओळखले, धर्मविधी पुन्हा शिकवले आणि तीन घराण्यांतील माणसांना तयार केले, असे परंपरा सांगते. या धर्मज्ञांना समाज 'काजी' म्हणे. मुंबईतल्या त्यांच्या पहिल्या प्रार्थनास्थळाला लोक 'जुनी मशीद' म्हणत. शब्द शेजाऱ्यांकडून घेतला म्हणून श्रद्धा उसनी ठरत नाही, ही गोष्ट या समाजाकडे पाहताना सतत लक्षात ठेवावी लागते.

सणांची नावे तर थेट कोकणच्या स्वयंपाकघरातून आलेली आहेत. वर्षारंभाचा 'नव्याचा सण', प्रायश्चित्ताच्या दिवसाचा 'दारफाळणीचा सण', उपासानंतर वालाचे बिरडे खायचे म्हणून 'बिरड्याचा रोजा'. वल्हांडणाला, म्हणजे ज्यूंच्या 'पासओव्हर' सणाला, म्हणत 'अनाशी ढाकण्याचा सण'. अनाशी म्हणजे घरात वर्षभर वापरात असलेले आंबट द्रव्य. आंबवलेला कोणताही पदार्थ त्या आठ दिवसांत चालत नाही, म्हणून घरची बाई ते भांडे झाकून बाजूला ठेवी. मिसरमधून (इजिप्तमधून) झालेल्या सुटकेची आठवण या भांड्यावरच्या झाकणात टिकून होती. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही हा नियमही इथे जड गेला नाही, कारण रश्शाला नारळाचे दूध होतेच.

आडनावेही गावांवरून पडली : नवगावकर, किहीमकर, पेणकर, अष्टमकर, रोहेकर, चेऊलकर.

मुंबई : पहिले स्थलांतर

अठराव्या शतकापासून ही कुटुंबे मुंबईला येऊ लागली. बांधकाम, इंग्रजांच्या देशी पलटणी, मग गोदी, रेल्वे, टपाल आणि जकात खाते असा त्यांचा रोजगार होता. पलटणीत सामाजी हसाजी दिवेकर यांनी नाव मिळवले. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मांडवी भागात मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. तेच 'जुनी मशीद' या नावाने ओळखले गेले.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी काढलेल्या शाळांतून या समाजाला हिब्रू पुन्हा शिकता आली, तीही मराठीच्या माध्यमातून. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची प्रार्थनापोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका जमिनीवर बसलेल्या आणि लुगडे नेसलेल्या आहेत. शतकाच्या अखेरीस अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या आख्यानांवर मराठी कीर्तने रचली गेली. त्यांत साकी, दिंडी, आर्या ही नेहमीचीच वृत्ते होती. कीर्तन हे भक्तीचे साधन आहे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ते त्याच मुलखात वाढले होते.

मुंबईतच त्यांना पहिल्यांदा 'तुम्ही खरे ज्यू का?' हा प्रश्न स्वधर्मीयांकडून ऐकावा लागला. बगदादहून आलेल्या श्रीमंत व्यापारी ज्यूंनी १८३६ साली सामाईक दफनभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालून मिळावी असा अर्ज सरकारकडे केला होता. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी जो प्रश्न कधी विचारला नाही, तो आपल्याच धर्माच्या माणसांनी विचारला, याचा सल पुढे समुद्रापलीकडेही गेला.

या शहराने त्यांना मोठेही केले. डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. डेव्हिड अब्राहम चेऊलकर 'डेव्हिड' या नावाने हिंदी चित्रपटांत घरोघरी पोहोचले. निसीम इझिकेल यांनी भारतीय इंग्रजी कवितेला नवे वळण दिले. यांपैकी कोणालाही भारतीय असणे आणि ज्यू असणे यांत निवड करावी लागली नव्हती.

जाण्याची कारणे

जगातील बहुतेक ज्यू स्थलांतरांमागे छळ असतो. येथे तो नव्हता, आणि हे या समाजातील लोक स्वतः आवर्जून सांगतात. १८९७ साली पहिल्या झायोनिस्ट अधिवेशनाचे, म्हणजे ज्यूंना त्यांच्या प्राचीन भूमीत पुन्हा वसवू पाहणाऱ्या चळवळीच्या अधिवेशनाचे, बोलावणे आले तेव्हा समाजाने ते नम्रपणे नाकारले. परतण्याची वेळ देव ठरवील, अशी त्यामागची भावना होती. पन्नास वर्षांनी चित्र पालटले. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले, १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यूला तेथे येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला आणि तिकडच्या संस्थांचे प्रतिनिधी मुंबईत आले. इंग्रजी राजवट गेल्यावर सरकारी खात्यांतल्या नोकऱ्या पूर्वीसारख्या हमखास मिळतील का, ही काळजी होती. धर्माची ओढ तर होतीच. आणि एक साधे कारण, जे कागदोपत्री कमी येते : एक भाऊ गेला की दुसरा जातो, मुलीला स्थळ तिकडचे येते, मग म्हातारे आईवडील इथे एकटे कशाला राहतील? लहान समाजात निम्मी माणसे गेली की उरलेल्यांचेही राहणे अवघड होते. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनासे होतात.

'होदी'

हिब्रूत भारताला 'होदू' म्हणतात आणि भारतीयाला 'होदी'. तोच 'होदू' शब्द प्रार्थनेत 'आभार माना' या अर्थानेही येते. कोकणात जे 'इस्रायली' होते, ते इस्रायलमध्ये उतरताच 'होदी' झाले. भारतात त्यांना वेगळे करणारी गोष्ट त्यांचा धर्म होती. ज्या देशात सगळेच ज्यू, तिथे त्यांचा रंग, बोलणे, जेवण आणि गाणे वेगळे ठरले.

सुरुवातीची वर्षे कष्टाची गेली. बऱ्याच कुटुंबांना नेगेव्ह वाळवंटातल्या नव्या वसाहतींत पाठवण्यात आले. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसांच्या वाट्याला अंगमेहनत आली. १९५१ साली काहींनी नोकरी आणि घरे देताना भेदभाव होतो अशी तक्रार करत तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि आम्हाला परत भारतात पाठवा अशी मागणी केली. १९५२ मध्ये त्यांच्यातील काही कुटुंबांना विमानाने मुंबईला परत आणले गेले. पुढे त्यांतील बहुतेक पुन्हा इस्रायलला गेले. हे जाणे-येणे काहींना चंचलपणा वाटले असेल. वास्तविक त्यांची दोन्ही घरे खरी होती आणि एकाही घरात अजून नीट जागा मिळाली नव्हती.

त्याहून खोल घाव विवाहाच्या प्रश्नाने केला. इस्रायलमध्ये ज्यूंचा विवाह धार्मिक अधिकाऱ्यांमार्फतच होतो. शतकानुशतके हे लोक मुख्य प्रवाहापासून दूर राहिले, तेव्हा त्यांचे घटस्फोट आणि विधवांचे विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का, अशी शंका काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, काढली. मुख्य धर्मपीठाने विवाहांना तत्त्वतः मान्यता दिली, पण १९६२ साली काढलेल्या आदेशात बेने इस्रायल वधू-वरांच्या मागील पिढ्यांची चौकशी करण्यास सांगितले. पणजी-खापरपणजीचा दाखला कोकणातल्या खेड्यातून कोण आणणार? आणि इतर कोणत्याही समाजाचे नाव त्या आदेशात नव्हते. अपमान तिथे होता.

१९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने हा समाज सर्व अर्थांनी ज्यू असून इतरांच्या बरोबरीचा आहे असे जाहीर केले आणि धर्मपीठाने आदेशातून समाजाचे नाव वगळले. समाजाच्या आठवणीत हे आंदोलन आजही ताजे आहे. सत्याग्रहाचा देश मागे सोडून आलेल्या माणसांनी बसून राहण्याची ताकद बरोबर आणली होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मलिदा

या समाजाच्या ओळखीचा प्रवास एका ताटात पाहायचा असेल तर मलिद्याचे ताट पाहावे. भिजवलेले पोहे, साखर किंवा गूळ, ओले खोबरे आणि वेलची एकत्र करून परातीत रास करतात. भोवती केळी, खजूर आणि हंगामाची फळे मांडतात, वर गुलाब किंवा एखादी सुगंधी डहाळी ठेवतात. एलियाहू हनबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने गाणे होते. मग झाडाच्या फळाला एक, जमिनीतून आलेल्याला एक, सुवासाला एक अशा हिब्रू आशीर्वचनांनी एकेक वस्तू उचलून प्रसाद वाटतात. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, प्रवासाला निघताना मलिदा होतो. अलिबागजवळ सागाव येथे एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी श्रद्धा आहे आणि तिथे नवस बोलायला लोक जातात.

कोकणात मलिदा हा घरचा विधी होता. इस्रायलमध्ये तो समाजाची निशाणी झाला, कारण पोह्यांचा हा विधी दुसऱ्या कोणत्याही ज्यू समाजात नाही. जे घरात नकळत होत असे ते आता सभागृहात, पाहुण्यांसमोर, समजावून सांगून केले जाते. स्थलांतरात बहुतेक रिवाजांचे असेच होते. मेहंदीचे मात्र उलटे झाले. येमेन आणि मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंच्या लग्नातही मेहंदी असते. त्यामुळे हळदी-मेहंदीच्या रात्री कोकणची सून आणि मोरोक्कोची सासू यांना एकमेकींना फारसे समजावावे लागत नाही.

भाषा

पहिल्या पिढीचे घर मराठीत चालले, दुसरीला मराठी कळते पण ती उत्तर हिब्रूत देते, तिसरीकडे आई, पापड, चटणी, गोडाधोडाची नावे आणि आजीची लाडकी हाक एवढे शब्द उरतात. सैन्यातली सक्तीची नोकरी आणि शाळा या दोन ठिकाणी हिब्रू पक्की होते. तरीही 'मायबोली' हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघत राहिले, महाराष्ट्र दिन साजरा होत राहिला आणि स्त्रियांनी जुनी कीर्तने पुन्हा उभी केली. क्रिकेटचेही नाव येथे घ्यायला हवे : इस्रायलमध्ये हा खेळ जिवंत ठेवण्यात भारतीय ज्यूंचा वाटा फार मोठा आहे.

येणे-जाणे आणि कागदपत्रे

भारताने १९५० साली इस्रायलला मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी प्रस्थापित झाले. मधली चाळीस वर्षे मुंबई आणि डिमोना यांच्यात मुख्यतः पत्रे होती. ज्या पिढीने त्या काळात आई-वडिलांना निरोप दिला, तिच्यातील अनेकांना ते पुन्हा दिसले नाहीत. १९९२ नंतर थेट विमाने सुरू झाली. मार्च २०१८ पासून एअर इंडियाला सौदी अरेबियाच्या आकाशातून तेल अवीवला जाण्याची परवानगी मिळाली आणि वाट आणखी जवळची झाली. आज अश्दोदमधले घर मुंबईतल्या मावशीशी रोज फोनवर चेहरा पाहून बोलते.

भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्याऐवजी परदेशस्थ भारतीय नागरिकाचे ओसीआय कार्ड मिळते, पण परदेशी सैन्यात काम केलेल्यांना ते मिळण्यात अडचण होती. इस्रायलमध्ये सैन्यसेवा सक्तीची असल्याने या समाजाची तरुण पिढी जवळजवळ पूर्णच बाहेर पडत होती. जुलै २०१७ मध्ये तेल अवीवच्या सभेत भारताच्या पंतप्रधानांनी सक्तीची सैन्यसेवा केलेल्यांनाही हे कार्ड मिळेल असे जाहीर केले. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. २०११ च्या जनगणनेत देशभरात पाच हजारांहून कमी ज्यू उरले होते.

अलिबाग, रेवदंडा, पनवेल येथील सिनेगॉग उभी आहेत. काहींची देखभाल एखाद-दोन कुटुंबांवर आहे. सुट्टीत इस्रायलहून येणारे पाहुणे प्रथम या इमारती पाहतात, मग नवगावच्या दफनभूमीत जातात आणि त्यानंतर आपल्या आडनावाचे गाव शोधू लागतात. पेणकर पेणला जातो, किहीमकर किहीमला. मराठी येत नसते, घर कुठे होते ते माहीत नसते, रस्त्यावरच्या माणसाला ते आपले आडनाव सांगतात, आणि त्यातले 'कर' ऐकून समोरचा माणूस विचारतो, "म्हणजे तुम्ही इथलेच?"