साठीनंतरची स्की: उंचीआधी मांड्यांना विचारा

तरुणपणी गुलमर्गला कोर्स केलेले, नाहीतर नोकरीनिमित्त परदेशात असताना स्कीइंग शिकलेले काही गोवेकर निवृत्तीनंतर पुन्हा बर्फाकडे वळतात. फोंडा, म्हापसा, मडगावच्या अशा काका-काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्की किती लांबीची घ्यायची? माझ्या मते लांबी नंतर बघावी. ती स्की वाकवायला किती जोर लागतो, हे आधी बघावं.

स्की वळते ती वाकते म्हणून. तिची दोन्ही टोकं रुंद आणि मधली कंबर अरुंद असते. स्की कडेवर कलली की टोकं बर्फाला टेकतात, कंबर किंचित अधांतरी राहते आणि आपल्या वजनाने ती खाली दबते. सगळी कड बर्फाला लागते तेव्हा स्कीची कमान झालेली असते आणि त्या कमानीच्या रेघेवरून माणूस वळतो. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खोल कंबरेची स्की आणली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या, दोन मीटर लांबीच्या, जवळजवळ सरळ स्की मागे पडल्या. आजच्या स्कीवर वळणाची त्रिज्या छापलेली असते. समजा ती १४ मीटर आहे. स्की ४५ अंशांत कलवली तर प्रत्यक्ष वळण सुमारे १० मीटर त्रिज्येचं होतं, ६० अंशांत ७ मीटरचं.

हे गणित जुळतं ते स्की पूर्ण वाकली तरच. वजनदार आणि वेगवान माणसासाठी बनवलेली कडक स्की साठ किलोच्या, बेताच्या वेगाने उतरणाऱ्या काकूंच्या पायाखाली वाकतच नाही. मग त्या मांड्या आणि कंबर पिळून ती जबरदस्तीने फिरवतात आणि दुपारपर्यंत पाय थरथरायला लागतात.

उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंचं काम वेगळ्या प्रकारचं असतं. ते ताणले जात असतानाच जोर लावून शरीराला धरून ठेवतात. पारोड्याच्या चंद्रेश्वर डोंगराच्या पायऱ्या उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या याच कामाने. असं धरून ठेवण्याची ताकद वयाबरोबर तुलनेने कमी घटते, ही आनंदाची गोष्ट आहे. आधी आणि जास्त घटतात ते झटकन आकुंचन पावणारे तंतू. म्हणजे साठीच्या माणसाला वळण पेलतं, पण स्की अचानक भरकटली तर क्षणात सावरणं जड जातं. स्की मवाळ हवी ती यासाठी. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या संशोधकांनी साठी-सत्तरीच्या लोकांना प्रशिक्षकांबरोबर बारा आठवडे स्कीइंग करायला लावलं, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद वाढलेली आढळली. वय झालं म्हणून स्की टाकून द्यायचं काहीच कारण नाही.

दुकानात स्की हातात घ्या. शेपटाकडचं टोक बुटाशी टेकवा, वरचं टोक एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने मधोमध दाबा. दोन-तीन जोड्या अशा लागोपाठ दाबल्या की फरक हातालाच कळतो. तुमच्या जोराने जिची सहज कमान होते, ती बाजूला काढा.

आता लांबी. स्की जागच्या जागी फिरवायला लागणारा जोर लांबीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. १८० सेंटिमीटरऐवजी १६० ची घेतली तर स्कीपुरता हा भार सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. शेपूट आखूड असण्याचा आणखी एक फायदा आहे. मागे कलंडून पडताना शेपटाची कड बर्फात रुतते आणि लांब शेपूट तरफेसारखं गुडघा पिळतं. गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध (एसीएल) फाटण्याचं हे ओळखीचं कारण आहे. उभी धरलेली स्की हनुवटी ते नाक एवढ्या उंचीची असली की बहुतेकांना पुरते. त्याहून आखूड स्की वेगात थरथरते आणि भुसभुशीत बर्फात रुतते.

रुंदी ठरते ती जागेवरून. दाबलेल्या, कडक उतारावर ७५ ते ८५ मिलिमीटर कंबर पुरे. स्की रुंद झाली की कड पायाच्या मध्यरेषेपासून लांब जाते आणि ती कलवताना घोटा-गुडघ्यावर जास्त पीळ पडतो. गुलमर्गच्या गोंडोल्याने (रोपवेने) अफरवत डोंगरावर गेलात तर गोष्ट निराळी. तिथल्या खोल बर्फावर तरंगायला ९५ च्या पुढची रुंदी लागते. पण वरचं स्थानक ३,९०० मीटरहून उंच आहे आणि तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो. पणजीहून निघालेल्या माणसाने पहिले दोन दिवस खालच्या उतारांवर, अरुंद स्कीवरच काढावेत, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते बाइंडिंगकडे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीकडे. पडताना बूट स्कीपासून सुटावा, ही तिची जबाबदारी. पुढचा भाग पाय पिळला की बाजूला सुटतो, मागचा भाग टाच उचलली गेली की. तिच्यावरचा आकडा जितका मोठा, तितकी ती घट्ट. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो आकडा वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, स्कीइंगची शैली आणि वय बघून ठरतो. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तक्त्यात एक पायरी खाली उतरतात, कारण हाडं तितका पीळ सोसत नाहीत. म्हणून भाड्याच्या दुकानात वय लपवू नका आणि 'मी जुना स्कीअर आहे' म्हणून आकडा चढवूनही घेऊ नका. वजनही खरंच सांगा. ते कमी सांगितलं तर बाइंडिंग भलत्या वेळी, भर वळणात सुटते. बुटाच्या तळव्याची लांबी टाचेजवळ बाजूला मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ती वाचून घ्या आणि दुकानदार पेचकस घेऊन बसला की आकडा लावून होईपर्यंत शेजारी उभे राहा. दुसऱ्या दिवशी बूट बदलून दिले, तर बाइंडिंगही पुन्हा लावून मागा.