तंबाखूच्या पानांतील निकोटीन : निष्कर्षण व मापन

निकोटीन हे तंबाखूच्या पानांतील प्रमुख उत्तेजक अल्कलॉइड (वनस्पतींत आढळणारे नायट्रोजनयुक्त अल्कधर्मी संयुग) होय. शुद्ध स्वरूपात ते रंगहीन व तेलकट द्रव असून हवेत राहिल्यास तपकिरी पडते. त्याचा उकळबिंदू सुमारे २४७° से. आहे. ते मुळांत तयार होते व पानांत साठते. शेंडे खुडले म्हणजे पानांतील प्रमाण वाढते.

तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगिजांनी गोव्यामार्गे आणली, असे सामान्यतः मानले जाते. काही लेखक हे आगमन सोळाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे नेतात. परंतु १५६३ मध्ये गोव्यातच छापल्या गेलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या औषधिविषयक ग्रंथात विडा व सुपारी यांची चर्चा असूनही तंबाखूला स्वतंत्र प्रकरण नाही, ही गोष्ट त्या मताला फारशी अनुकूल नाही. असद बेग या मोगल दरबारातील अधिकाऱ्याने १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून तंबाखू नेऊन अकबरापुढे ठेवली, ही नोंद अधिक भरवशाची आहे. विजापूरचे गोव्याशी असलेले सान्निध्य पाहता वनस्पती गोव्याच्या बंदरातून दख्खनेत शिरली असावी, हा तर्क ग्राह्य वाटतो. मात्र तिचा प्रसार सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मानणे इष्ट. झां निको या लिस्बन येथील फ्रेंच राजदूताने १५६० च्या सुमारास तंबाखू फ्रान्समध्ये पाठविली; अल्कलॉइडाला नाव त्याच्यावरून मिळाले.

शोधाचे श्रेय कोणाला, याविषयीही एकवाक्यता नाही. फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लँ यांनी १८०९ मध्ये तंबाखूच्या रसातून एक तिखट, बाष्पनशील द्रव्य मिळविले होते. पण शुद्ध निकोटीन पोसेल्ट व रायमान यांनी हायडलबर्ग येथे १८२८ मध्ये वेगळे केले, हेच मत आता रूढ आहे. १८५० मध्ये बेल्जियममधील बोकार्मे खून प्रकरणात रसायनज्ञ स्तास यांनी मृताच्या अवयवांतून ईथरच्या साहाय्याने निकोटीन काढून दाखविले. पुढे ऑटो यांनी सुधारलेली ही रीत न्यायवैद्यक रसायनशास्त्रात दोघांच्या जोडनावाने ओळखली जाते.

निष्कर्षणाचे तत्त्व साधे आहे. पानांत निकोटीन मॅलिक, सायट्रिक इ. अम्लांशी लवणरूपाने बांधलेले असते. अल्कली घातल्यावर ते मुक्त होते आणि मग वाफेबरोबर ऊर्ध्वपातित होते (उडून जाऊन थंड झाल्यावर पुन्हा द्रवरूपात जमते) किंवा कार्बनी विद्रावकात उतरते. (शिंपल्या भाजून केलेला चुना लावून तळहातावर मळलेल्या तंबाखूत हीच विक्रिया घडते, चुन्याने तंबाखू ‘चढते’ ती यामुळेच.) नमुना तापवून वाळविल्यास काही निकोटीन उडून जाते, म्हणून जलांश वेगळा मोजून निष्कर्ष शुष्क वजनावर सांगतात. हा आधार न सांगितलेले आकडे परस्परांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो, आणि जुन्या कोष्टकांत तो पुष्कळदा सांगितलेला नसतो.

मापनाच्या जुन्या भारात्मक (वजनावर आधारलेल्या) रीतीत ऊर्ध्वपातितात सिलिकोटंग्स्टिक अम्ल घालून पांढरा साका (न विरघळणारा गाळ) पाडतात, तो गाळून जाळतात व उरलेल्या अवशेषाच्या वजनाला सुमारे ०·११४ ने गुणतात. साका सावकाश स्फटिकी होत असल्याने तो रात्रभर ठेवण्याचा प्रघात होता. घाई केल्यास तो गाळणकागदातून निसटतो. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) वर्णपटमापनात अम्लीय विद्रावाचे शोषण २५९ नॅनोमीटरला मोजतात आणि २३६ व २८२ नॅनोमीटरवरील वाचनांच्या सरासरीने पार्श्वशोषण (इतर द्रव्यांमुळे होणारे शोषण) वजा करतात. या दोन्ही रीतींत नॉरनिकोटीनसारखी सहचर अल्कलॉइडेही कमी-अधिक मोजली जातात. ती वेगळी काढायची तर वायुवर्णलेखन किंवा उच्चक्षम द्रववर्णलेखन (मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या क्रोमॅटोग्राफीच्या रीती) वापरावे लागते.

साध्या तंबाखूच्या वाळलेल्या पानांत निकोटीन बहुधा १ ते ३ टक्के असते. निकोटियाना रस्टिका या जातीत ते बरेच अधिक आढळते.

गोव्यात १९९७ च्या अधिनियमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकणे यांवर बंदी आली, तर २००५ मध्ये गुटख्यावर. २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा विनियमांनुसार कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटीन घटक म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे पानमसाल्यासारख्या नमुन्यांत टक्केवारीपेक्षा निकोटीनाचे अत्यल्प अस्तित्व निःसंशय ओळखणे महत्त्वाचे ठरते आणि त्यासाठी वर्णलेखनाला द्रव्यमान वर्णपटमापनाची (रेणूंच्या वस्तुमानावरून द्रव्य ओळखण्याच्या रीतीची) जोड देतात.