प्लायवुडचे पृष्ठदोष (होडीदुरुस्ती)

जुनी होडी दुरुस्तीस घेतल्यावर प्लायवुडवरील तडे, फुगे व डाग यांपैकी कोणते वरवरचे आणि कोणते तक्ता बदलायला लावणारे, हे ठरविण्याची परीक्षा. ठाणे खाडीकाठच्या चेंदणी, दिवाळे इ. कोळीवाड्यांतील परंपरागत होड्या फळ्यांच्या असतात. तेथे प्लायचा संबंध येतो तो बहुधा केबिन, डेक व हौशी नौकांपुरता.

केसतडे : धाग्याच्या दिशेने धावणारे बारीक समांतर तडे. यांच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार दोष लाकूड सोलण्यातच असतो : फिरत्या ओंडक्यावरून पापुद्रा सुटताना उलट वाकतो व त्याच्या पात्याकडील, म्हणजे ‘सैल’ बाजूस सूक्ष्म चिरा पडतात, ती बाजू वर आल्यास त्या पुढे उघडतात. दुसरे मत ऊन व ओल-सुकीला कारण मानते : वरचा थर आक्रसू पाहतो, खालचा आडवा थर त्याला आक्रसू देत नाही. सारख्याच उन्हापावसात ‘घट्ट’, म्हणजे पात्यापासून दूरची, बाजू वर असलेल्या पृष्ठावर तडे कमी पडतात, हे ध्यानी घेता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र चिरा उघडायला ओल-सुकी लागतेच.

रंग खरवडल्यावर तडा पहिल्या गोंदरेषेशीच (दोन थरांमधील गोंदाच्या जोडाशीच) थांबत असेल, तर तक्ता सहसा वाचतो. तसा तडा नुसत्या लांबीने (पुट्टीने) बुजवला तर पुन्हा उमटतो. वर इपॉक्सीत (दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेत) भिजवलेले काचकापड चढवावे लागते.

थर सुटणे : हातोडीच्या दांड्याने ठोकत गेल्यास सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो. कडा व खिळ्यांची भोके आरीने (टोच्याने) टोचून पाहतात. आरी सहज रुतली तर लाकूड कुजले आहे. कडेला दिसणारी गडद तपकिरी गोंदरेषा बहुधा फिनॉलिक, म्हणजे पाण्याने न सुटणाऱ्या, गोंदाची असते. हा गोंद साधारणतः १९३० च्या दशकापासून प्लायमध्ये रुळला. भारतीय मानक आयएस ७१० नुसार मरीन प्लायला (नौकांसाठीच्या प्लायवुडला) ७२ तास उकळण्याची चाचणी आहे. ती जोडाची कसोटी आहे, लाकडाची नव्हे. त्यामुळे मरीन प्लायही कुजतो.

डाग : लोखंडी खिळ्याभोवतीचे काळे वलय बहुधा लोह व लाकडातील टॅनिन (तुरट द्रव्य) यांच्या संयोगाने येते. ऑक्झॅलिक आम्लाने ते फिके पडते. बुरशीचा डाग त्याने तसा हटत नाही. खारवलेल्या लाकडावर ओलावामापक वाजवीपेक्षा जास्त आकडा दाखवतो, म्हणून आधी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवतात. पावसाळ्यात शाकारून ठेवलेल्या होडीचे माप लगेच घेऊ नये.